घोघ्याला जायचं राहिलं

आबा हळू बोलायला लागले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी पडले शाळेतली बाई. समोरचा गप्प बसला की मला वाटतं, चला, ऐकलं एकदाचं आपलं.

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नाही. आबांनी उधन्यात चौतीस वर्षं खात्यात माग चालवले. खातं म्हणजे कापडाचा कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. पत्र्याच्या एका शेडमध्ये साठ-सत्तर माग एकदम धडधडत असतात. त्यात उमेद गेली की माणसाचे कान बसतात आणि आवाज चढतो. आबांनी "चहा ठेव" म्हटलं की खालच्या मजल्यावरची बाईसुद्धा पातेलं घेते, असं माय म्हणते. मायसुद्धा लग्नानंतर सहा-सात वर्षं त्याच खात्यात बॉबिन भरायला जायची, तेव्हा तिनं हसण्यात काही अर्थ नाही. नवीन शेजारी आले की पहिले पंधरा दिवस त्यांना वाटतं, ह्यांच्याकडे रोज भांडणं होतात. मग सवय होते.

या खात्यात आबांच्या शेजारचे माग ज्यांच्याकडे होते, त्यांना मी काका म्हणते. समुद्राच्या पलीकडचे, घोघ्याजवळच्या गावातले काठियावाडी. आबांना गुजराती धड येत नव्हतं, काकांना अहिराणीचा गंध नव्हता, आणि दोघांची पंचवीस-सव्वीस वर्षांची दोस्ती. भाषेचं अडलं नाही, कारण खात्यात भाषा चालतच नाही. तिथं माणसं ओठ आणि हात हलवतात. तार तुटली, धोटा अडकला, शेठ आला, तंबाखू आहे का, मुलीला बरं आहे का, सगळं ओठांवर आणि बोटांवर. मी लहानपणी आबांचा डबा घेऊन जायची, तेव्हा दारात उभी राहून बघायची. मला त्यातली एकच खूण यायची, कारण ती दिवसातून दहादा व्हायची. पाणी प्यायला किंवा बाहेर जायचं असलं की काका दोन बोटांनी छातीवर टकटक करायचे, मग आपल्या आठ मागांकडे हात दाखवायचे, मग तळवा पुढे. माझी मशीनं बघ, मी आलोच. आबा दोन बोटं वर करायचे, म्हणजे बघतो. आणि मग काका परत येईपर्यंत आबा सोळा माग बघायचे. आबा गेले की काका. एवढ्या वर्षांत एकानं दुसऱ्याची तार तुटलेली राहू दिली नाही, हे दोघंही छाती काढून सांगायचे.

काका गावी परत गेले, त्याला आता आठ वर्षं झाली. फोन व्हायचे, पण ते फोन म्हणजे नुसता तमाशा. दोघंही अर्धे बहिरे. इकडून आबा ओरडणार, तिकडून काका ओरडणार, दोघंही "हो, हो" करणार आणि फोन ठेवल्यावर आबा मला विचारणार, "काय म्हने तो?" मी एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला, तर आबांनी फोन उचलून कानाला लावला. पडद्यावर बघते तर तिकडेही काकांचा कान. पांढऱ्या केसांचा झुपका असलेला एक भला मोठा कान. मी म्हटलं, आबा, तोंडासमोर धरा. ते म्हणाले, मग ऐकू कसं येणार? मी कानाला खडा लावला आणि परत त्या भानगडीत पडले नाही.

डिसेंबरात काकांच्या सुनेचा मला फोन आला. काकांच्या गळ्यात गाठ निघाली होती. वाईट जातीची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वरयंत्रच काढावं लागेल, जिवाला धोका कमी होईल, पण आवाज कायमचा जाईल. ऑपरेशन उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच्या मंगळवारी ठरलं होतं. मी आबांच्या चांगल्या कानाशी वाकून हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, टोपी काढली, परत घातली.

"त्याना आवाज जावाना पहिले माले जानं शे," ते म्हणाले. त्याचा आवाज जायच्या आधी मला जायचंय.

आबांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

रस्त्यानं जायचं तर अख्ख्या आखाताला वळसा, पूर्ण दिवस गाडीत, आणि आबांची छाती तेवढी धड नाही. कापसाचा बारीक धुरळा तिथं इतकी वर्षं बसलाय. त्यापेक्षा हजीऱ्याहून बोट. मोठी बोट, खाली ट्रक आणि गाड्या, वर माणसं, चारेक तासांत घोघा. गंमत म्हणजे आबांना सुरतेत येऊन पन्नास वर्षं होत आली आणि समुद्र म्हणून त्यांनी डुमसचा चिखल सोडून काही बघितलेलं नाही. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी राहायचं, सोमवारी काका दवाखान्यात भरती व्हायचे तेव्हा परतीची बोट धरायची, असा बेत मी आखला. तिकिटं मीच काढली. सूचनाही मीच दिल्या, त्या तर मला उपजतच येतात. आबा, बोटीत चार बरी माणसं असतील, तिथं ओरडून बोलायचं नाही. आबा, खोकताना रुमाल. आबा, कठड्याशी जायचं नाही.

मायनं वेगळीच तयारी चालवली होती. काकांना तिच्या हातचं भरीत फार आवडायचं. गळा दुखतोय तर भरीत मऊ असतं, सहज गिळलं जाईल, असा तिचा हिशेब. खानदेशाकडून येणाऱ्या माणसाकडून तिनं हिरवी-पांढरी वांगी मागवली, शुक्रवारी गच्चीत भाजली आणि मिरची न घालता भरीत केलं. मिरचीशिवाय भरीत करताना तिचा जीव कसा खालीवर होत होता, ते मी बघितलं. "हे काय भरीत शे?" असं ती तीनदा म्हणाली आणि तरी डबा नीट फडक्यात बांधला.

त्याच दोन दिवसांत आबांचा आवाज उतरला. चहा मागायचे तोसुद्धा हळू. माय मला डोळ्यांनी खुणावून हसली, मीही हसले. आम्हाला वाटलं, मी बोटीत ओरडू नका म्हटलंय, म्हणून म्हातारबुवांचा सराव चाललाय. खोकला होता, पण आमच्याकडे खोकला म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, तो थांबला तरच कुणी मान वर करतं. दुसऱ्या कुठल्याही घरात बाप असा गप्प झाला असता तर लेकीनं कपाळाला हात लावून बघितला असता. मी त्यांना शाबासकी दिली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

शनिवारी आम्ही वेळेच्या तासभर आधी हजीऱ्याला पोचलो. वारा असा की गाडीचं दार उघडायला दोन हात लागले. उतराण जवळ आली की सगळी सुरत वाऱ्याची वाट बघत बसते, पतंग चढले पाहिजेत म्हणून, आणि त्या वर्षी वारा आधीच येऊन बसला होता. पाणी मळकट, त्यावर पांढऱ्या रेघा, बोट धक्क्याला लागलेली आणि तिथल्या तिथं हिंदकळत होती. ट्रकवाले चाकांच्या आडोशाला बिड्या ओढत बसले होते. अर्धा तास झाला, तास झाला. मी चौकशीच्या खिडकीपाशी तीन चकरा मारल्या. मला काही विचारायचं असलं तर ओरडावं लागत होतं आणि वारा ते उडवून नेत होता. मागं वळून बघते तर आबा आणि माय बाकावर बसून आरामात बोलत होते. ओठ हलत होते, माय मान डोलवत होती, एकदा तर ती हसली. आवाज नाही. सगळ्या धक्क्यावर तेवढ्या दोघांनाच वाऱ्याचा त्रास नव्हता.

शेवटी एक माणूस येऊन सांगून गेला, आज बोट सुटणार नाही, लाटा फार आहेत, उद्या वारा पडला तर जाईल. त्याच्यावर डाफरण्यात अर्थ नव्हता, पण मी डाफरले. आबांना सांगितलं. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि मला एक बोट दाखवलं. म्हणजे, एक दिवस आहे अजून.

घरी येऊन आम्ही ते भरीत खाल्लं, कारण उद्यापर्यंत ठेवून आजारी माणसाला कसं द्यायचं. माय उरलेली वांगी घेऊन परत गच्चीत गेली. आबा दोन घास खाऊन उठले. मी म्हटलं, मन उदास असेल.

रविवारी सकाळी फोनवर संदेश आला, बोट जाणार. वारा खरोखरच पडला होता. मला इतकं हायसं वाटलं की मी शेजारणीला हाक मारून सांगितलं. आबा आमच्या आधी तयार. स्वेटर, कानटोपी, काळे बूट, हातात काकांसाठी घेतलेली शाल. आम्ही जिना उतरायला लागलो, आणि पहिल्या वळणावर आबा थांबले. कठडा धरून उभे. मायनं पिशवी खाली ठेवली, त्यांच्या मानेला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"यासनं आंग तापेल शे," ती म्हणाली. "कालपासून व्हई."

आबांनी हात झटकला. काही नाही, चला. पण ते बोलले नाहीत, बोलायला दमच नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी आमचा डॉक्टर राहतो. तो घरच्या कपड्यांतच वर आला, छातीला नळी लावली, बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं आणि आकडा बघून मला बाजूला घेतलं. न्यूमोनिया वाटतोय, तीन-चार दिवसांचा असावा. बोटीचं नावसुद्धा काढू नका, सरळ दवाखान्यात न्या. चार तास पाण्यावर आणि मध्येच काही झालं तर काय करणार, असं त्यानं विचारलं.

आबांना आकडा वगैरे काही सांगण्यात अर्थ नव्हता. ते खुर्चीवर बसून बुटाकडे बघत होते. "तापमा मी कधी माग बंद करेल नही," ते म्हणाले. तापात मी कधी माग बंद ठेवला नाही. खरं होतं ते. मी म्हटलं, हा माग नाही. ते म्हणाले, चार तास तर आहेत, बसून जायचंय. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग मी एकटा जातो. आणि खरंच उठायला लागले.

तेव्हा मी वर्गात वापरते तो आवाज काढला. म्हटलं, "जा. आणि परवा ज्याचा गळा कापणारेत त्याला तुमचा ताप देऊन या."

आबा परत बसले. थोड्या वेळानं वाकून त्यांनी बुटाची नाडी सोडली. एक सुटली, दुसरीची गाठ बसली होती, ती मायनं खाली बसून सोडली. मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, पण रिक्षा बोलवायची होती, आधारकार्ड शोधायचं होतं, छातीचे जुने फोटो कपाटात कुठंतरी होते.

त्या धांदलीत मी काकांच्या सुनेला फोन लावला. येणं रद्द झालंय, आबांना दवाखान्यात नेतेय. ती बिचारी म्हणाली, इथं त्यांनी सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून घेतलीय. मग म्हणाली, थांबा, त्यांना बोलायचंय. मी फोन आबांच्या हातात दिला आणि कपाटाकडे वळले.

फोटोंची पिशवी माळ्यावर निघाली. मी स्टुलावर चढले, पिशवी काढली, उतरले. एवढा वेळ आबा फोन कानाला घट्ट दाबून बसले होते. "हो," ते म्हणत होते. "हो. हो." मग फोन माझ्याकडे केला. तो बंद झाला होता.

"काय म्हने तो?" त्यांनी मला विचारलं.

काका दोन-तीन मिनिटं बोलले होते. आबांशी स्वतःच्या आवाजात शेवटचं बोलले होते, आणि ते एका बहिऱ्या कानात गेलं, आणि मी, जिला ऐकू येतं, ती फोटो शोधत होते. फोन स्पीकरवर टाकायला एक बोट लागतं. मी आबांना म्हटलं, "लवकर बरे व्हा म्हणाले." खोटं बोलले. आबांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं, मला कळतं.

दवाखान्यातून मी सुनेला परत फोन केला. तिला विचारलं, काका काय बोलले? तिला माहीत नव्हतं, ते फोन घेऊन अंगणाच्या टोकाला गेले होते. मी म्हटलं, विचार ना जरा. तिनं विचारलं. काकांनी हात हलवला म्हणे, ते आमचं आमचं आहे. सोमवारी ते भरती झाले. सोमवारी इकडे आबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि वॉर्डात फोन चालत नव्हता. मंगळवारी काकांचं ऑपरेशन झालं. नीट झालं. संध्याकाळी मी मास्कवर वाकून आबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

उतराणला दवाखान्याच्या खिडकीतून पतंगच पतंग दिसत होते. आबांनी एकदाही तिकडे बघितलं नाही. माय बाजूच्या स्टुलावर बसून राहायची. मी शाळेतून येता-जाता ते शेवटचं बोलणं मनाशी जुळवायची. काय म्हणाले असतील? माफी मागितली असेल? पोराबाळांचं काही सांगितलं असेल? मरणाबिरणाचं बोलले असतील? दिवसभर चाळीस पोरांना मी "नीट ऐका, नीट ऐका" म्हणून ओरडते. त्या आठवड्यात मला तो शब्द काढवेना.

आबा घरी आले. काकाही घरी गेले. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सुनेचा व्हिडिओ कॉल आला, मला दाखवायला, की बघा, बसायला लागलेत. मी फोन आबांकडे दिला. आबांनी सवयीनं कानाला लावला.

माय भाकरी टाकत होती. पिठाच्या हातानंच ती आली आणि आबांचं मनगट धरून खाली ओढलं.

"त्यासले आते बोलता येत नही," ती म्हणाली. "कानले काय लावतस? त्यासनं तोंड देखा."

आबांनी फोन समोर धरला. काकांच्या नाकात नळी, गळ्याला पांढरी पट्टी, गाल बसलेले. त्यांनी आबांकडे बघितलं. मग त्यांचे ओठ हलले.

आणि आबांचे हलले.

मी उभी होते तिथंच उभी राहिले. दोघं बोलत होते. हात, बोटं, भुवया, ओठ. आबा मध्येच नाकाला हात लावून नळीचं काहीतरी विचारत होते, काका डोळे फिरवून सांगत होते. आबांनी वारा दाखवला, बोट कशी हिंदकळत होती ते तळव्यानं दाखवलं, माझ्याकडे अंगठा करून काहीतरी सांगितलं आणि काका हसले, बिनआवाजाचे, खांदे हलवत. पंधरा मिनिटं झाली असतील. घरात आवाज तव्यावरच्या भाकरीचा, तेवढाच. आठ वर्षं दोघं फोनवर ओरडत होते आणि एकदाही असं बोलले नव्हते.

मग आबांनी कानाला बोट लावलं, तेच बोट मागं नेलं, आणि हात उताणा केला. त्या दिवशी काय म्हणालास? हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

काकांनी दोन बोटांनी छातीवर टकटक केलं. बाजूला हात दाखवला, जिथं कधीकाळी त्यांचे आठ माग असायचे. मग तळवा पुढे केला.

आबांचा चेहरा वेडावाकडा झाला. पण हात नीट वर गेला, दोन बोटं. आणि मला रडू आलं ते आवरेना, मी पदर तोंडाला लावला. ऑपरेशनच्या आधी एक माणूस अंगणात जाऊन आपल्या दोस्ताला एवढंच सांगून आला होता, आणि आबांना ऐकू आलं नव्हतं, तरी ते "हो, हो" म्हणाले होते.

पलीकडून सुनेनं फोन स्वतःकडे वळवला. तिचेही डोळे भरले होते, पण तिला काही कळलेलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बेन, ए शुं कहे छे?" काय म्हणताहेत ते?

मी डोळे पुसले. म्हटलं, "त्यांची मशीनं बघायला सांगताहेत. आलोच म्हणाले."